सॉसमधलं मीठ जातं कुठे?

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा बार्बेक्यू सॉस दाट, गोड आणि आंबूस असतो. टोमॅटो, व्हिनेगर, ब्राऊन शुगर आणि मोलॅसिस, म्हणजे आपल्या काकवीची काळी, कडसर चुलत बहीण. शिवाय वूस्टरशर सॉस, ज्यात चिंचही असते, हे खाणाऱ्यांच्या गावीही नसतं! हे सगळं मंद आचेवर आटवायचं. घोळ होतो तो इथेच.

आटताना पाणी उडून जातं, व्हिनेगरचा झणका उतरतो. मीठ मात्र जागचं हलत नाही. मिठाला उकळायला १४६५ अंश सेल्सिअस लागतात, घरची शेगडी तिथवर काय पोचणार? लिटरभर सॉस अर्ध्या लिटरवर आला, की मीठ तेवढंच, पण दर चमच्यात दुप्पट. सुरुवातीला बेताचा लागलेला सॉस शेवटी तोंडात धरवत नाही, तो यामुळे.

पण ‘धरवत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं? थोडं मीठ आपल्याला हवंहवंसं वाटतं आणि जास्त झालं की थुंकावंसं वाटतं. ही एकाच चवीची चढती पायरी असेल, असं कुणालाही वाटेल. २०१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या युकी ओका, चार्ल्स झुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून वेगळंच दाखवलं. बेताचं मीठ ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या. मीठ फार वाढलं की कडू आणि आंबट ओळखणाऱ्या पेशीही जाग्या होतात आणि धोक्याची वर्दी देतात. या दोन्ही वाटा बंद केल्यावर उंदरांची तीव्र खारट पाण्याबद्दलची नावड संपली, आवड मात्र शाबूत राहिली! म्हणजे अति खारटपणाच्या तक्रारीत कडू आणि आंबट यांचाही आवाज मिसळलेला असतो, निदान उंदरांच्या जिभेवर तरी.

आता उपाय. पहिला सल्ला ठरलेला: बटाटा घाला. आमटी खारट झाली की आपल्याकडेही तो हमखास मिळतो. पिट्सबर्गचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वोल्क यांनी मिठाच्या पाण्यात बटाटा शिजवून, पाण्याची वीजवाहकता आधी आणि नंतर मोजली. फरक सापडला नाही. बटाटा खारं पाणी शोषतो खरा, पण मीठ तेवढं वेचून घेत नाही. उरलेला रस होता तितकाच खारट राहतो. बटाटा काढल्यावर कमी पडलेल्या रसात आपण पाणी ओततो आणि श्रेय बटाट्याला देतो.

खरा इलाज हिशेबाचा आहे. समजा, ५०० ग्रॅम सॉसमध्ये १५ ग्रॅम मीठ आहे. ते झालं ३ टक्के, समुद्राच्या पाण्याच्या (सुमारे साडेतीन टक्के) अगदी शेजारचं. ते २ टक्क्यांवर आणायचं तर २५० ग्रॅम बिनमिठाचा ऐवज हवा: टोमॅटोची प्युरी, परतलेला कांदा, थोडं पाणी. केचप नको, त्यात मीठ असतंच. सोया सॉस तर अजिबात नको. प्युरीच्या डब्यावरचं लेबलही वाचा, काहींत मीठ आधीच असतं.

साखर किंवा मोलॅसिस वाढवणं हा दुसरा मार्ग, आणि तो चालतो. गोडव्याने खारटपणा दबतो. एकत्र आलेल्या चवी एकमेकींना मागे सारतात, ही जिभेची जुनीच खोड. व्हिनेगर मात्र थेंब थेंब घाला. आंबटपणाने कधी मीठ उलट जास्तच जाणवतं. आणि हे फक्त जिभेला फसवणं आहे, ग्रॅमभरही मीठ कमी झालेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रक्तदाबवाल्या पाहुण्याला गोड करून दिलेला खारट सॉस म्हणूनच मला पटत नाही.

चव घेतानाही एक गफलत होते. हा सॉस नुसता कुणी खात नाही. तो लावायच्या बरगड्यांना आधीच मीठ-मसाला चोळलेला असतो, म्हणून चमच्यावर नेमका लागणारा सॉस ताटात खारट ठरतो. मांसाच्या तुकड्याला लावून चव बघा, आणि पुढच्या वेळी मीठ सॉस आटल्यावरच घाला.