राडारोड्यातही व्यापार आहे, पण निवड केली तरच!

जुनी इमारत पाडली की सळया भंगारात जातात. सागवानी दारे-चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात खपतात. कौले आणि फरशाही कोणीतरी उचलतो. उरतो तो राडारोडा. तो टाकण्यासाठी मालक पदरचे पैसे मोजतो आणि त्याच शहरात दुसरा मालक डोंगर फोडून आणलेल्या खडीला ब्रासवर पैसे मोजतो. व्यापाऱ्याच्या नजरेला हा व्यवहार खटकल्याशिवाय राहत नाही.

पाडकामाचे ठेकेदार, भंगारवाले, गवंडी आणि फरशी-ब्लॉकचे छोटे कारखानदार यांनी या मालाकडे आता गांभीर्याने पाहावे.

कायद्याची वाट मोकळी

काँक्रीटच्या खडी-वाळूचे भारतीय मानक आयएस 383 हे आहे. त्याची 1970 ची आवृत्ती फक्त नैसर्गिक खडी-वाळूपुरती होती. 2016 च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटपासून केलेल्या खडीलाही जागा दिली. मात्र मर्यादा घालून दिली, आणि ती प्रत्येक मिस्त्रीला तोंडपाठ हवी.

पाडलेल्या काँक्रीटची स्वच्छ खडी एम-15 पेक्षा कमी प्रतीच्या, म्हणजे पायाखालच्या थरासारख्या कामात शंभर टक्के चालते. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत चालते. सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत, तेही एम-25 पर्यंतच. वीट, गिलावा, फरशी असा मिश्र माल मात्र फक्त एम-15 खालच्या हलक्या कामासाठी. स्लॅब, बीम, कॉलममध्ये तो अजिबात नको.

मर्यादा का?

फोडलेल्या जुन्या खडीला सिमेंटचा जुना मसाला चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो. कोरडी खडी तशीच मिक्सरमध्ये टाकली तर ती मसाल्यातले पाणी ओढते, माल घट्ट होतो, मग मजूर वरून पाणी ओततो आणि ताकद तिथेच जाते. उपाय सोपा आहे. खडी आधी भिजवून घ्यावी. दहा टक्क्यांपर्यंत पाणी शोषणारी अशी खडी मानक चालवून घेते, पण आधी भिजवण्याच्या अटीवरच. वजनावर खरेदी असेल तर माल कोरडा आहे की ओला हे पाहावे, नाहीतर पाण्याचेही पैसे द्याल.

दुसरा शत्रू भेसळ. पीओपी, लाकूड, प्लॅस्टिक, माती हे खडीत आले तर काँक्रीट बिघडते. पीओपीतील सल्फेटमुळे ते पुढे फुगून तडकू शकते.

चिंधीबाजाराचा धडा

आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. चिंधीचा भाव निवडीवर ठरतो. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांपासून शॉडी सूत निघते, कारण आधी कपडे रंगवार वेगळे होतात. एकत्र केलेला ढीग कचरा, निवडलेला ढीग माल. राडारोड्याचेही तसेच आहे.

म्हणून निवड क्रशरवर नव्हे, पाडतानाच करावी. आधी दारे, पाइप, वायरी, पीओपी काढावे. मग विटांच्या भिंती आणि शेवटी काँक्रीटचा सांगाडा. ढीग वेगळे, गाड्याही वेगळ्या. त्यानंतर क्रशर, लोखंड ओढणारे चुंबक आणि चाळण्या. विटेचा चुरा वापरणेही आपल्याकडे जुनेच आहे. चुन्याच्या बांधकामात सुर्खी घालणारे कारागीर हेच करीत.

लोखंडाच्या भट्टीतील मळीची खडीही मानकात आहे: साध्या काँक्रीटमध्ये 50 टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत. औष्णिक वीज केंद्रातील फ्लाय अॅश मात्र निराळी. ती सिमेंटच्या काही भागाऐवजी घालतात, खडीच्या जागी नव्हे.

मागणी कुठे?

दिल्लीत बुराडी येथे 2009 पासून राडारोड्यावर प्रक्रिया होते. तिथे रस्त्याकडेचे दगड आणि फरश्या बनतात. मुंबई महापालिकेनेही दहिसर व शिळफाटा येथे प्रकल्प सुरू केले. केंद्राने 2025 मध्ये काढलेल्या नव्या नियमांनी 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली असून अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026 ठरवली. म्हणजे मोठे बिल्डर माल शोधत येणार. छोट्यांनी सुरुवात पायाखालचे काँक्रीट, कोबा, भराव आणि ब्लॉक यांपासून करावी.

सचोटी हेच भांडवल

या धंद्याला धोका एकाच गोष्टीचा आहे. कोणी स्वस्त पडते म्हणून न निवडलेला राडारोडा कॉलममध्ये भरला, तर बदनामी साऱ्या मालाची होईल आणि छताखाली झोपणाऱ्याचा जीव जाईल. म्हणून बिलावर 'जुन्या काँक्रीटची खडी' असे स्पष्ट लिहा, ग्राहकाला आधी सांगा, प्रयोगशाळेचा दाखला जोडा आणि अभियंत्याच्या संमतीशिवाय सळईच्या कामाला माल देऊ नका. लपवून विकलेला माल एकदाच खपतो. सांगून विकलेल्याला ग्राहक पुन्हा येतो.