राहून गेलेलं विवरणपत्र

कुंभकोणमजवळचं नाचियारकोविल हे पितळी समयांचं गाव. इथल्या समईला भौगोलिक मानांकनही आहे. बैठक, खांब, तेलाचं पात्र असे सुटे भाग ओतायचे, कातायचे, मग जोडायचे. अशा धंद्यात पितळेची मोड रोखीनं येते, गिऱ्हाईक यूपीआयवर पैसे देतं आणि हिशेबाची वही मागे पडते. समजा, अशाच एका दुकानदाराचं 2023-24 सालचं प्राप्तिकर विवरणपत्र भरायचं राहिलं. आता काय?

आधी प्राप्तिकराच्या पोर्टलवर 'एआयएस' उघडायचं. बँकेतली मोठी रोख जमा, ठेवींवरचं व्याज, कापलेला टीडीएस तिथे दिसतो. आपण विसरलो तरी खातं विसरलेलं नसतं. वह्या नीट नसल्या, तरी उलाढाल 2 कोटींच्या आत असेल तर कलम 44एडीखाली रोख विक्रीच्या किमान 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के नफा दाखवता येतो. छोट्या दुकानदाराला याहून सोपी वाट नाही.

त्या सालचं विवरणपत्र विलंबानं भरायची मुदत 15 जानेवारी 2025 ला संपली. उरतं ते 'अद्ययावत विवरणपत्र', म्हणजे आयटीआर-यू. 2025 च्या दुरुस्तीनंतर ते करनिर्धारण वर्ष (इथे 2024-25) संपल्यापासून चार वर्षं भरता येतं. मात्र कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर पहिल्या वर्षी 25, दुसऱ्या वर्षी 50, मग 60 आणि शेवटी 70 टक्के जादा कर बसतो.

आकडे मांडून बघू. नफा 9 लाख, नवी करप्रणाली, आगाऊ कर किंवा टीडीएस काहीच नाही. उपकरासह कर 46,800. मार्च 2026 मध्ये भरला, तर व्याज, 25 टक्के जादा कर आणि 5,000 विलंब शुल्क धरून साधारण 90 हजार होतात. तेच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यावर ढकललं, तर 50 टक्क्यांचा टप्पा लागतो आणि रक्कम 1 लाख 8 हजारांच्या घरात जाते. चार-आठ दिवसांच्या चालढकलीचे अठराएक हजार! 'मार्चएंड'ची धावपळ अगदीच उगीच नसते.

परतावा मागायचा असेल तर आयटीआर-यू चालत नाही. तेव्हा कलम 119(2)(बी) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज करावा लागतो, तोही करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत आणि उशिराचं खरं कारण कागदानिशी दाखवून. तो मंजूर झाला तरी परताव्यावर व्याज मिळत नाही. आणि दुकानावर छापा पडला, तर 2023-24 साठी आयटीआर-यूची वाट बंद.

आयटीआर-यूमध्ये कर आधी भरायचा, मग विवरणपत्र. ते पाठवल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीनं पडताळणी करायची. ती राहिली, तर एवढं करूनही वेळेत भरल्याचं धरलं जात नाही.