बाळ किती झोपतं यावरून दूध पारखू नका



भात, खत आणि करपा सोडून शेतीखात्याचा माणूस तान्ह्या बाळाच्या दुधावर कशाला बोलतो, असं तुम्हाला वाटेल. पुरुष माणसानं हा विषय काढणं काहींना अवघडही वाटेल. पण गेल्या आषाढात मुळशी खोऱ्यातल्या एका वाडीवर चारसूत्री लावणी दाखवायला गेलो, तेव्हाची गोष्ट सांगतो. बांधावर इरल्याखाली अडीच महिन्यांचं बाळ झोपलेलं. सकाळपासून दुपारपर्यंत ते हललं नाही. आजी कौतुकानं म्हणाल्या, "सुनंचं दूध पाण्यावाणी पातळ. दर दोन तासाला पोर रडायचं. आता सकाळी बाटलीभर म्हशीचं पाजते, चार तास आवाज न्हाई बघा." सूनबाई खाली मान घालून रोपं लावत होती. परतताना मी आशाताईंना निरोप दिला. पण आजींना द्यायचं उत्तर चिखलात उभं राहून नीट देता आलं नाही. ते इथे देतो.

संकलन केंद्रावर दुधाची फॅट लागते तसा भाव मिळतो. त्यामुळे दाट ते चांगलं, हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे. चहाला आणि खव्याला ते खरं आहे. पण दूध ज्या पिल्लासाठी असतं, त्याच्या वाढीप्रमाणे ते बनतं. वासराचं जन्माचं वजन साधारण दीड-दोन महिन्यांत दुप्पट होतं, माणसाच्या बाळाला त्यासाठी पाच-सहा महिने लागतात. म्हणून 100 मिलिलिटर गाईच्या दुधात प्रथिनं तीन ग्रॅमच्या वर, म्हशीच्या दुधात चारच्या आसपास, आणि आईच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा ते आठ ग्रॅम, आईच्या दुधात साडेतीन-चार. साखर मात्र आईच्या दुधात जास्त, सात ग्रॅमपर्यंत.

आता झोपेचं बघू. दूध फाटलं की ज्या प्रथिनाचं पनीर होतं, त्याला केसीन म्हणतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत ते सुमारे 80 टक्के असतं, आईच्या दुधात 40 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे जनावराच्या दुधाचा बाळाच्या पोटात घट्ट गोळा होतो आणि तो हळू सरकतो. आईच्या दुधाची साय मऊ, ती लवकर पचते आणि दोन तासांत बाळ पुन्हा मागतं. म्हणजे दोन तासांनी रडणं हे दूध कमी असल्याचं लक्षण नाही; दूध पचल्याचं आहे. एक वर्षाच्या आत जनावराचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. त्यात लोह फार कमी असतं, आणि क्षार-प्रथिनांचा भार लहान मूत्रपिंडांना झेपत नाही.

खरा घोटाळा पुढे होतो. म्हैस अर्धवट पिळली तर चार दिवसांत आटायला लागते, हे तुम्हाला मी काय सांगावं! आईचंही तसंच. बाटलीनं बाळ चार तास झोपलं की एक-दोन पाजण्या चुकतात, ओढ कमी होते, दूध कमी होतं. मग आजींचं म्हणणं खरंच ठरतं, पण ते बाटलीनं खरं केलेलं असतं. आणखी एक: सुरुवातीचं दूध पातळ असतं, स्निग्धांश शेवटी वाढतो. म्हणून एक बाजू पुरी रिकामी झाल्यावरच दुसरी द्यावी.

डब्याच्या पावडरीचं काय? आपल्या देशात म्हशीच्या दुधापासून बाळाची पावडर करण्याची रीत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेनं बसवली आणि 1960 च्या सुमारास आणंदला ती बाजारात आली. त्यात प्रथिनं कमी करतात, साखर आणि जीवनसत्त्वं घालतात. तरी पावडर-पावडरीत फरक असतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शास्त्रज्ञांना 2011 साली दिसलं, की ज्या पावडरीतली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात ती पिणारी बाळं कमी दुधात तृप्त होतात. साध्या पावडरीवरची बाळं वजनानं जास्त भरली. सुटं ग्लुटामेट हे त्याचं एक कारण सापडलं, आणि आईच्या दुधात ते भरपूर असतं. युरोपात पाच देशांत केलेल्या प्रयोगातही (2009) जादा प्रथिनांच्या पावडरीवरची मुलं दोन वर्षांची झाल्यावर जास्त वजनाची निघाली.

डबा म्हणजे विष नव्हे. आई नसेल, फार आजारी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं तो द्यावाच लागतो. मग माप डब्यावर लिहिलंय तेच. महाग म्हणून पाणी वाढवलं तर बाळ वाळतं. दाट केलं तर त्याला तहान लागते, ते रडतं, आपण भूक समजून आणखी दाट पाजतो. बाळानं तोंड फिरवलं की थांबावं. बाटली संपवायची म्हणून कोंबू नये. या डब्यांची जाहिरात करायला 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा दुकानदारानं गळी उतरवला तरी घेऊ नका.

लावणीच्या दिवसांत बाळ बांधावर आणावं आणि मागेल तेव्हा पाजायला उठावं. मुकादमानं कुरकुर करू नये. ते जमत नसेल तर हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवावं, चार तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजावं. बाटली नको. सहा महिने वरचं पाणी, घुटी, मध काही नको.

दूध पुरतं का हे पाहायचं तर लघवी मोजा. पहिला आठवडा सरल्यावर दिवसात सहा किंवा जास्त वेळा झाली पाहिजे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा. बाळ उठवूनही उठत नसेल, ओढत नसेल, तर त्याला शांत म्हणू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.

आणि आजी, सुनेचं दूध अजून परत येईल. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा आधी तिच्याकडे द्या, वरचं दूध नर्सताईंना विचारून हळूहळू कमी करा. ती पाजायला बसली की तेवढा वेळ तिची ओळ तुम्ही लावा.