काउंटरपलीकडच्या खुर्चीचा खर्च
(लेखमाला : वाचनालयाची गोष्ट, लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग आणि त्यांचं अनुदान पाहिलं. आता काउंटरपलीकडे बसणाऱ्या माणसाकडे वळू. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर पदवीनंतर ग्रंथालयशास्त्र शिकावं लागतं; साधारण वाट बी.लिब. आणि मग एम.लिब. अशी. म्हणजे घरच्यांनी ‘आता कमवायला लाग’ म्हणण्याच्या वयात आणखी दोन वर्षं. ती कोणाच्या घराला परवडतात, यावर त्या खुर्चीत कोण बसणार हे बरंचसं ठरतं.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी संस्थानात ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. याच दरबाराने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ग्रंथालयं आणि वंचित घरातला विद्यार्थी, दोघांसाठी तिजोरी उघडली गेली, पण स्वतंत्रपणे.

या दोन गोष्टी एकत्र आणणारी एक योजना अमेरिकेत आहे. तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं, अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं, १९९७ मध्ये ‘स्पेक्ट्रम’ शिष्यवृत्ती सुरू केली. कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूलनिवासी अशा समाजांतून ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात येणाऱ्यांना पाच हजार डॉलर मिळतात. वाचक नाना वंशांचे आणि ग्रंथपाल बहुतेक गोरे, ही तफावत व्यवसायानं स्वतःच मनावर घेतली.

आपल्याकडे पैसा येतो तो विषय पाहून नव्हे, विद्यार्थ्याचा प्रवर्ग आणि घरचं उत्पन्न पाहून.

नांदगाव तालुक्यातली अनुसूचित जातीची एखादी मुलगी नाशिकला किंवा पुण्याला बी.लिब. करायचं म्हणते असं समजू. तिचा पहिला आधार भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ही योजना १९४४ पासूनची; तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. त्याआधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं बँक खातं अशी फाइल तयार हवी. दाखल्यावरच्या आणि गुणपत्रिकेवरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, तरी अर्ज मागे येऊ शकतो.

फी सुटली तरी खोलीभाडं आणि मेस उरतेच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या मूळ नियमांत मात्र एक मेख होती : अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा हवा. अनेक विद्यापीठांत बी.लिब. एक वर्षाचं आणि एम.लिब.ही एक वर्षाचं. अभियांत्रिकीच्या चार वर्षांना साजेसा नियम ग्रंथालयशास्त्राला असा आडवा यायचा. मग नोकरी सांभाळून शिकायचं, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय उरतो.

एम.लिब.नंतर नेट परीक्षा असते. तीत कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर सुरुवातीला दरमहा ३७ हजार रुपये. या विषयात केवळ गुणवत्तेवर मिळणारी ही सर्वांत भक्कम रक्कम. पण ती हातात पडते दोन्ही पदव्यांचा खर्च निघाल्यावर.

अशा मुलीनं ग्रंथपाल व्हावं, यात वाचकांचाही लाभ आहे. नांदगाव खानदेशाच्या उंबऱ्यावर. इथल्या बऱ्याच घरांत अहिराणी चालते. पुस्तकाचं नाव न आठवणारा पोरगा काउंटरपाशी घुटमळत ‘ते निळ्या पुठ्ठ्याचं’ एवढंच म्हणतो, तेव्हा त्याच्याशी त्याच्या घरच्या बोलीत दोन शब्द बोलणारं कोणी समोर असेल, तर तो पुन्हा येतो.

पुढील लेखांकात : सहा महिन्यांचा ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि गावातल्या ग्रंथपालाचा पगार.