फोन भरलेला अर्ज का विसरतो?

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचे. पण स्मृती हा आमच्याही धंद्यातला माल, म्हणून फोनच्या स्मृतीविषयी चार शब्द बोलतो.

मोहल्ल्यातली मुले शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवरच भरतात. नाव, पत्ता, बँकेचे खाते, सगळे भरून होते. शेवटी गुणपत्रिकेचा फोटो काढायचा. कॅमेरा उघडतो, फोटो निघतो आणि परत येऊन पाहावे तर अर्ज कोरा! शेवटची तारीख असेल तर वर्षाची मदत बुडते. मुलाला वाटते, आपलेच काही चुकले. तसे नसते.

फोनमध्ये जागा दोन प्रकारची. एक साठवणीची, म्हणजे घरातले कपाट. दुसरी रॅम, म्हणजे काम करायचे टेबल. जुने फोटो पुसल्याने कपाट रिकामे होते, टेबल मोठे होत नाही.

पुष्कळशी ॲप म्हणजे आतून वेबसाइटच असते. २००९ साली आलेल्या फोनगॅपने आणि त्यातूनच निघालेल्या कॉर्डोव्हाने ही पद्धत रूढ केली. अँड्रॉइडवर असे ॲप ‘वेबव्ह्यू’ नावाच्या आतल्या ब्राउझरमध्ये चालते. कॅमेरा उघडला की अर्ज मागे पडतो. टेबल अपुरे पडले की अँड्रॉइड मागचे ॲप बंद करून टाकते. अर्ज फक्त टेबलावरच असेल, तर तोही जातो.

त्यात फोटोचे ओझे. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके असतात. फाइल तीन-चार एमबीची दिसली, तरी पडद्यावर उलगडताना दर ठिपक्याला साधारण ४ बाइट लागतात. झाले ४८ एमबी! तोच फोटो १००० गुणिले ७५० केला, तर ३ एमबीत भागते. काही ॲप फोटोचे अक्षरांत रूपांतर करून तो पुढे पाठवतात. त्याने ओझे आणखी एक तृतीयांशाने वाढते. त्यापेक्षा फाइलचा नुसता पत्ता द्यावा.

हा दोष शोधणे अवघड नाही. अँड्रॉइडच्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये, मागे गेलेला पडदा लगेच मोडून टाकण्याची सोय आहे. ती चालू करून ॲप बनवणाऱ्याने स्वतः अर्ज भरून पाहावा. कोरा झाला, तर दुखणे सापडले. उपायही साधा आहे. प्रत्येक रकाना भरताच तो कपाटात जपून ठेवावा आणि ॲप पुन्हा उघडले की तिथून उचलावा. ॲप बंद पडले असले तरी काढलेला फोटो परत मिळवण्याची सोय कॉर्डोव्हात आहे, तीही वापरावी.

आपल्या हाती काय? बाकीची ॲप आधी बंद करावीत. कागदाचा फोटो अगोदरच काढून, लहान करून ठेवावा.

मात्र खरी जबाबदारी ॲप बनवणाऱ्याची. त्याने आपले ॲप महागड्या फोनवर तपासू नये. दोन जीबी रॅमच्या, जुन्या, काच तडकलेल्या फोनवर तपासावे. गरजवंताच्या हातात बहुधा तोच असतो.