लाजऱ्या मनीसाठी स्थळ

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आपण सगळ्यांनी पाहिलाय, काहीजणींनी सोसलाय. बोलकी, हसरी मुलगी पोह्यांची बशी ठेवता ठेवताच पसंत पडते. जी मान वर करत नाही, तिच्याबद्दल ‘जरा घुमीच वाटते’ असा निरोप येतो. मग घरचेही तिलाच बोलतात, ‘दोन शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?’

माझी भाची पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात झाडलोट करायला, खाऊ-पिऊ घालायला जाते. तिथं मांजर दत्तक घ्यायला माणसं येतात, पिंजऱ्यांसमोरून फिरतात. जाळीतून पंजा बाहेर काढणारी, अंगाला अंग घासणारी पिल्लं तासाभरात पसंत होतात. एक राखाडी रंगाची, पोटाशी पांढरी, दोनेक वर्षांची मनी मात्र भिंतीकडे तोंड करून बसायची. आठ महिने तशीच बसली. मध्ये एका कुटुंबानं तिला नेलं आणि नवव्या दिवशी परत आणून दिलं. कारण काय, तर ‘मांजर दिसतच नाही. कपाटामागंच बसते. मग ठेवायची कशाला?’

हे सांगताना भाचीचा गळा दाटून आला होता. “मावशी, ती वाईट नाही गं. नुसती घाबरते. तुमच्याकडं डोंगरकड्याला कसं शांत असतं, तूच ठेव ना तिला.”

शहरातल्या मुलींना खेडं म्हणजे शांत वाटतं! डोंगरकड्यात मांजरांसाठी निवारा वगैरे काही नाही. आमच्याकडं मांजर असतं ते कोठीतल्या उंदरांपुरतं. ते चार घरी दूध पितं, पिल्लं सात घरं फिरवतं आणि नकोसं झालं की कुणीतरी पोत्यात घालून लांब सोडून येतं. (हे सोडून येणं साधं नाही बरं का. जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा ठिकाणी विनाकारण टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आपण मात्र ‘मांजर हातून मेलं तर सोन्याचं मांजर काशीला द्यावं लागतं’ एवढंच लक्षात ठेवलंय, म्हणून मारत नाही, सोडून येतो.)

मी आधी ‘आण’ म्हणून टाकलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर विचार केला, तेव्हा आपली चूक कळली. आमच्या घरी चार लेकरं. दार सकाळी उघडतं ते रात्री जेवणं झाल्यावर लागतं. अंगणात कुत्रं बांधलेलं. हळद निघाली की दोन महिने घरात माणसांची नुसती वर्दळ, शिजवणीची भट्टी, पॉलिशच्या ड्रमचा खडखडाट. आमचं घर मायाळू आहे, पण संयमी नाही. मायाळू घरात तर अशा मनीचे जास्तच हाल! जो येईल तो तिला पलंगाखालून ओढून काढणार, ‘ये गं ये’ म्हणत छातीशी धरणार. सकाळी उठून मी भाचीला फोन केला, “मी नाही ठेवू शकत. पण गावात स्थळ बघते.”

मग सुरू झालं स्थळ बघणं. एक वहिनी म्हणाल्या, “दे की, कोठीत उंदरं लई झालीत.” त्यांना मनी नको होती, उंदीर मारणारं औषध हवं होतं. दुसऱ्या घरी सहा वर्षांची मुलगी होती, तिला खेळायला मांजर पाहिजे होतं. गोड पोरगी, पण तिला खेळकर पिल्लू द्यावं, ही नव्हे. दोन्ही घरं चांगली, पण या मनीची नव्हेत.

तिसरं घर मला सुचलंच नव्हतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. अख्खं गाव त्यांना ‘बाई’च म्हणतं. त्यांनी जन्मात मांजर पाळलेलं नाही. सकाळी पूजा, दुपारी शिलाई मशीन, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून पेपर. घरात आवाज एकच, मशीनचा, तोही रोज ठरलेल्या वेळी. मी सहज विषय काढला आणि भाचीनं बजावल्याप्रमाणे सगळं खरं सांगितलं. “बाई, ती लपून राहील. मांडीवर येणार नाही, कदाचित कधीच येणार नाही. एकदा परत आलेली आहे.”

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “मग? मला तरी कुठं कुणाच्या मांडीवर बसायचंय? राहू दे तिला तिच्या मनानं.”

मला तर तिथंच पसंती झाल्यासारखं वाटलं. अशा मनीला मांजरवेडं माणूस लागत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. प्रेमाच्या परतफेडीची ज्याला घाई नाही असं माणूस लागतं.

खरं सांगणं यात फार महत्त्वाचं. आपण स्थळ जमवताना थोडं झाकतो, थोडं वाढवून सांगतो. मनीच्या बाबतीत ते अंगाशी येतं, कारण फसवणूक झाल्यासारखं वाटलेलं माणूस आठ दिवसांत तिला परत आणतं आणि प्रत्येक परतीला ती आणखी आक्रसते. निवाऱ्याच्या लोकांनी बाईंना फोन करून तासभर विचारपूस केली. घरी कोण येतं-जातं, खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, तुम्ही आजारी पडलात तर काय. शेवटच्या प्रश्नाला माझं नाव सांगितलं गेलं. बाईंना वाटलं मुलाखतच चाललीय. पण या प्रश्नांचा राग मानू नये. जो निवारा काहीच न विचारता मांजर हातात देतो, त्याच्याकडून घेताना मात्र मी दहादा विचार करीन.

ही भीती येते कुठून? मांजराच्या पिल्लाचा दुसरा ते सातवा आठवडा फार मोलाचा असतो. त्या दिवसांत माणसाचा हात, आवाज, वास ओळखीचा झाला तर माणूस आपला वाटतो. आई कुठं गोठ्यात, माळ्यावर व्यालेली असेल आणि त्या काळात माणूस जवळ आलाच नसेल, तर पुढं आयुष्यभर माणसाची धास्ती राहते. ती कमी होते, पण त्याला महिने लागतात. शिवाय काही मांजरं मुळातच भित्र्या स्वभावाची असतात, आपल्या दोन लेकरांत नसतो का फरक? आणि जे मांजर पार रानात, माणसाशिवायच मोठं झालंय, त्याला घरात कोंडू नये हेही भाचीकडून कळलं. त्याची नसबंदी करून त्याच्या जागी सोडलेलं बरं. अशा मांजराच्या एका कानाचं टोक सरळ कापलेलं असतं. ती जखम नव्हे, शस्त्रक्रिया झाल्याची खूण. आमच्या मनीचं तसं नव्हतं. पिंजऱ्यापाशी भाची पाठमोरी बसली तर ती हळूच पुढं येऊन खायची. म्हणजे आशा होती.

दिवाळीत आणायचं नाही असं ठरलं, फटाक्यांमुळं. तुळशीचं लग्न झालं आणि भाचीच्या मित्राच्या गाडीतून, चादर झाकलेल्या जाळीच्या पेटीत, रात्रभर प्रवास करून मनी आली. बाईंनी मशीनची खोली तिला दिली होती. एकच खोली, आख्खं घर नाही. भित्र्या जिवाला मोठं घर म्हणजे मोठं संकट. कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, त्यात भाचीनं निवाऱ्यातूनच आणलेलं तिच्या वासाचं फडकं. एका टोकाला पाणी आणि खाणं, दुसऱ्या टोकाला उथळ टबात वाळू. दोन्ही शेजारी ठेवलं तर मांजर वाळू वापरत नाही. आपण तरी न्हाणीत जेवू का?

पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे गंमत नव्हे हं. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांवर पाहणी केली होती, ती २०१४ साली छापून आली. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाली मांजरं लवकर निवांत झाली. लपायला जागा मिळाली तरच बाहेर यायचं धाडस येतं. आपण नेमकं उलटं करतो. लपू नये म्हणून फटी बुजवतो.

पहिले तीन दिवस बाईंना मनी दिसलीच नाही. रात्री ताटली रिकामी व्हायची, वाळूत खूण दिसायची, एवढाच काय तो संसार. शेजारणी येऊन विचारायच्या, “काहून हो बाई, मांजर हाय का नुसतं खोकंच आणलं?” बाई हसायच्या. रोज दुपारी त्या खोलीत जायच्या, मनीकडं न बघता मशीन चालवायच्या. मशीन नसेल तेव्हा खाली बसून मेथी निवडायच्या. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, हात पुढं करायचा नाही, बोलायचं ते हळू आणि स्वतःशीच. मांजराच्या जगात टक लावून बघणं म्हणजे धमकी. नजरानजर झालीच तर डोळे हळूहळू बारीक करून मिटायचे आणि हळूच उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांनी २०२० मध्ये याचाही अभ्यास केलाय. असं केलं की मांजरंही डोळे मिचकावून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळही यायला जास्त तयार होतात. बाईंना हे भाचीनं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वर्गात नवीन पोरगं रडायलं की मी हेच करायची. त्याच्याकडं बघायचीच नाही.”

एक गोष्ट मात्र संयमाच्या नावाखाली सोडायची नाही. मांजरानं चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. उपाशी राहिलेल्या मांजराचं लिव्हर खराब होऊ शकतं. ‘भूक लागली की खाईल’ हे इथं चालत नाही. तापाची पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही द्यायची नाही, मांजराला ती विष आहे. बाईंनी फिनेलची बाटलीही खोलीतून हलवली, कारण फिनेल पुसलेल्या फरशीवर चालून मांजर पाय चाटतं आणि आजारी पडतं. भ्यालेलं मांजर ओरबाडतं, चावतंही. तसं झालं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद भरून घरी बसायचं नाही. घरात कुणी गरोदर असेल तर वाळूचा टब तिनं साफ करू नये, दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज करावा. मनीचं लसीकरण आणि ऑपरेशन निवाऱ्यातच झालेलं होतं. घेताना तुम्ही तो कागद मागून घ्या.

महिनाभरानं खोलीचं दार थोडं उघडं ठेवायला सुरुवात झाली. मनी रात्री स्वयंपाकघरापर्यंत येऊन जायची. बाई सांगायच्या, “काल देवघरापाशी बसली होती, मी पाणी प्यायला उठले तशी पळाली.” मला वाटलं, झालं, जमलं.

आणि संक्रांत आली. बाईंच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे गल्लीतल्या तीस-चाळीस बायका. बाईंनी मनीची खोली लावून घेतली, ‘आत कुणी जाऊ नका’ असं सांगितलं. पण कुणाच्या तरी लेकरानं कडी काढलीच. मनी कपाटावर चढली, तिथून कौलाखालच्या फळीवर, आणि दोन दिवस उतरली नाही. मी घाबरून भाचीला फोन लावला. “ओढून काढू नका, मावशी. खाली खाणं ठेवा, घर सामसूम करा.” बाईंनी दोन दिवस कुणालाच घरात घेतलं नाही. वाण द्यायला आलेल्यांना दारातूनच तिळगूळ दिला. दोघी-तिघींना राग आला. एकीनं तर मला सुनावलं, “माणसापरीस मांजर मोठं झालं का?” मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. तसं पाहिलं तर तिचंही चुकलं नव्हतं, वर्षातून एकदा येणारा सण.

दुसऱ्या रात्री उशिरा मनी उतरली आणि पुन्हा खोक्यात गेली. सगळं पहिल्यापासून सुरू. फरक इतकाच, की महिना लागला होता तिथं या वेळी दहा-बारा दिवसांत ती पुन्हा देवघरापर्यंत आली.

बाईंना एकदा विचारलं, कधी वाटलं नाही का परत द्यावी म्हणून? त्या म्हणाल्या, “वाटलं ना. त्या फळीवर चढली तेव्हा वाटलं, या जिवाला मी सुख देण्याऐवजी त्रासच द्यायली. पण मग कुठं जाणार ती? पुन्हा त्या भिंतीकडं तोंड करून बसायला?”

आता हळदीचे दिवस आलेत. आमच्या अंगणात ड्रम फिरतोय आणि बाईंनी त्या बाजूची खिडकी बंद ठेवलीय. मनी दुपारी मशीनच्या पायाशी झोपते म्हणे. पायडलची हालचाल चालू असली तरी उठत नाही, थांबली की मान वर करते. बाईंनी अजून तिला हात लावलेला नाही. भाची फोटो मागते म्हणून बाईंनी मोबाईलवर एक काढला. त्यात तांदळाच्या कोठीमागून आलेली अर्धी शेपटी आहे. मीही एवढ्या महिन्यांत तेवढीच पाहिलीय.