घरगुती ऊर्जा व संसाधन बचतीची इंग्रजी शब्दावली : धंतोलीतील घराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : ऊर्जाबचत, इंग्रजी शब्दसंपदा, अर्थबोध, घरगुती वापर, भाषाध्यापन

प्रस्तावना

विजेचे बिल, फ्रिजवरील ताऱ्यांचे लेबल आणि पाण्याच्या मीटरवरील आकडा ही आज शहरी घरातील नित्य वाचनाची सामग्री झाली आहे. या वाचनात इंग्रजी शब्दांचा भरणा मोठा आहे. ‘युनिट’, ‘वॉट’, ‘लोड’, ‘स्टार’, ‘इन्व्हर्टर’, ‘स्टँडबाय’ हे शब्द मराठी कुटुंबात इतके रुळले आहेत की ते परभाषेतील आहेत याची जाणीवही उरलेली नाही. तथापि शब्द रुळणे आणि शब्दाचा अर्थ कळणे या दोन भिन्न बाबी आहेत. ओठावर असलेल्या शब्दाचा नेमका बोध नसेल तर बचतीची इच्छा असूनही प्रत्यक्ष बचत होत नाही. आणि वर्गात तोच शब्द शिकवताना विद्यार्थ्याला तो आधीच येतो असा अध्यापकाचा समज होतो. या शब्दावलीचे अर्थ उलगडून दाखवणे आणि ते उलगडण्यासाठी मराठीतील शब्दभेद कसे उपयोगी पडतात हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पार्श्वभूमी

सीताबर्डीला लागून असलेली धंतोली ही नागपुरातील जुनी वस्ती होय. रामकृष्ण मठ आणि अनेक रुग्णालये यांमुळे ती शहरभर परिचित आहे. येथील जुन्या बंगल्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, तशी घरातील उपकरणेही बदलली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या शहरात खिडकीतील कूलर हा गरजेचा भाग आहे. त्याच्या जोडीला आता वातानुकूलन यंत्र आले आहे. कूलर वीज कमी घेतो, परंतु त्याला पाणी लागते. वातानुकूलन यंत्राला पाणी भरावे लागत नाही, परंतु ते वीज अधिक घेते. म्हणजे ऊर्जा आणि संसाधन यांचा विचार येथे एकत्रच करावा लागतो.

शहराच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथे कोळशावर चालणारी औष्णिक वीज केंद्रे आहेत. अशा केंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जाळावा लागतो. शहराला पाणी मिळते ते पेंच प्रकल्पातून व कन्हान नदीतून. घरातील बटणाचा आणि नळाचा संबंध असा थेट परिसराशी पोहोचतो.

२. एक शब्द, अनेक अर्थ

या शब्दावलीतील पहिली अडचण अनेकार्थतेची आहे. ‘युनिट’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘एकक’ असा आहे. विजेच्या बिलात एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. नागपूर महानगरपालिकेच्या पाण्याच्या बिलात एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. एकाच घरात, एकाच टेबलावर पडलेल्या दोन कागदांवर हा शब्द दोन भिन्न राशी दर्शवतो.

‘वॉट’ आणि ‘युनिट’ यांतील गोंधळ अधिक खर्चीक आहे. वॉट हे वीज वापरण्याच्या वेगाचे माप आहे, तर युनिट हे प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेचे. २००० वॉटचा गीझर २० मिनिटे पाणी तापवतो तेव्हा सुमारे ०.६७ युनिट वीज खर्च होते. तेवढ्याच विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे ७४ तास जळतो. ज्या घरात दिवा विझवण्याविषयी कटाक्ष असतो, पण गीझरकडे लक्ष नसते, त्या घरात काटकसरीची वृत्ती आहे, मात्र राशीचा बोध नाही. छतावरील सौर संचाबाबतही असाच घोटाळा होतो. तीन किलोवॉटचा संच म्हणजे तीन युनिट देणारा संच नव्हे. एक किलोवॉट क्षमतेमागे दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते, असा ढोबळ हिशेब आहे. तसेच वॉट हे उजेडाचेही माप नाही. उजेड ‘ल्यूमेन’मध्ये मोजतात, म्हणूनच कमी वॉटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॉटच्या दिव्याची जागा घेऊ शकतो.

‘इन्व्हर्टर’ हा शब्द नागपूरच्या घरात आला तो भारनियमनाच्या काळात. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे साधन, हा त्याचा अर्थ. पुढे ‘इन्व्हर्टर एसी’ बाजारात आला तेव्हा हा एसी वीज गेल्यावरही चालतो अशी अनेकांची समजूत झाली. वस्तुतः येथे हा शब्द काँप्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-अधिक करणाऱ्या विद्युत मंडलाला उद्देशून वापरला जातो. ‘दीड टन’ हेही यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, त्यावरून शीतकरणाच्या क्षमतेचे हे माप ठरले. एक टन म्हणजे ताशी १२,००० ब्रिटिश उष्मा एकके.

‘डिफॉल्ट’ या शब्दाचे उदाहरणही लक्षणीय आहे. १ जानेवारी २०२० पासून वातानुकूलन यंत्रांसाठी २४ अंश सेल्सिअस हे ‘डिफॉल्ट’ तापमान ठरवण्यात आले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा शब्द थकीत कर्जाच्या संदर्भात माहीत असतो. येथे मात्र त्याचा अर्थ ‘वापरणाऱ्याने बदल न केल्यास आपोआप लागू होणारे मूल्य’ असा आहे. तापमान त्याहून कमी करण्यास बंदी आहे असा अर्थ त्यातून निघत नाही.

३. ‘कन्झर्वेशन’ : अक्षय्यता आणि संवर्धन

इंग्रजीत ‘एनर्जी कन्झर्वेशन’ हा शब्दप्रयोग दोन पूर्णतः भिन्न कल्पनांसाठी येतो. भौतिकशास्त्रात तो ऊर्जा निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही या नियमाचे नाव आहे. धोरणाच्या भाषेत तो ऊर्जेचा अपव्यय टाळण्याचे नाव आहे. ऊर्जा मुळातच नष्ट होत नसेल तर ती वाचवायची कशासाठी, हा विद्यार्थ्याचा प्रश्न म्हणूनच अज्ञानातून आलेला नसतो, तो शब्दाच्या द्व्यर्थतेतून आलेला असतो.

मराठीने येथे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. शालेय विज्ञानात ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ येतो. २००१ च्या कायद्याचा उल्लेख मात्र ‘ऊर्जा संवर्धन कायदा’ असा होतो. हे दोन शब्द शेजारी ठेवले की उत्तर सोपे होते. ऊर्जेची एकूण राशी कायम राहते. परंतु कोळशात साठलेली उपयुक्त ऊर्जा एकदा उष्णतेच्या रूपात वातावरणात विखुरली की ती पुन्हा कामी आणता येत नाही. वाचवायची असते ती उपयुक्तता. ‘कन्झर्वेशन’ आणि ‘एफिशिएन्सी’ यांतील भेदही असाच सांगता येतो. रिकाम्या खोलीतील पंखा बंद करणे हे पहिले. तेवढाच वारा कमी विजेत देणारा पंखा बसवणे हे दुसरे.

४. क्रियापदांचा प्रश्न

नामांइतकीच क्रियापदेही महत्त्वाची आहेत. मराठीत दार, नळ आणि दिवा ही तिन्ही ‘बंद’ होतात. त्यामुळे ‘क्लोज द लाइट’ अशी वाक्यरचना विद्यार्थी सहज करतो. इंग्रजीत दिवा ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ होतो. मराठीत गॅस ‘बारीक करतात’, त्यासाठी ‘टर्न डाउन’ हे क्रियापद आहे. पिन काढून ठेवणे म्हणजे ‘अनप्लग’. रिमोटने टीव्ही बंद केल्यावरही तो ‘स्टँडबाय’ स्थितीत थोडी वीज घेत राहतो. म्हणून ‘टर्न ऑफ’ आणि ‘अनप्लग’ यांतील भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही.

‘पंखा चालू ठेवला’ आणि ‘पंखा चालू राहिला’ यांतील हेतूचा भेद मराठी बोलणाऱ्याला सांगावा लागत नाही. पहिल्यासाठी ‘केप्ट ऑन’ आणि दुसऱ्यासाठी ‘लेफ्ट ऑन’ अशी जोडी दिल्यास ती लगेच स्मरणात राहते.

‘सेव्ह’ या क्रियापदात मात्र इंग्रजीने साठवणे, वाचवणे व खर्च न करणे हे सर्व अर्थ एकत्र केले आहेत. ‘सेव्ह वॉटर’ ही सूचना वाचणाऱ्या घरात रोज पिंप भरून ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की आदल्या दिवशीचे ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. येथे साठवण झाली, बचत झाली नाही. हा फरक मराठी शब्दांतूनच स्पष्ट होतो.

५. लेबल आणि बिल

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना २००२ मध्ये झाली आणि उपकरणांवरील तारांकित लेबलांची योजना २००६ मध्ये सुरू झाली. लेबलावरील ताऱ्यांकडे सर्वांचे लक्ष जाते. वार्षिक वीजवापराचा आकडा व लेबलाचा कालावधी हे तपशील दुर्लक्षित राहतात. मानके वेळोवेळी कडक होत असल्याने पूर्वीच्या कालावधीतील पाच तारे आणि आजचे पाच तारे समान नसतात.

महावितरणच्या बिलाची भाषा मराठी आहे, परंतु ते वाचणारा ‘स्थिर आकार’ला ‘फिक्स्ड चार्ज’ आणि ‘मंजूर भार’ला ‘सँक्शन्ड लोड’ म्हणतो. ‘वहन आकार’ या शब्दाकडे तर तो पाहतही नाही. घरगुती दरातील ‘स्लॅब’ हा शब्दही चुकीचा समजला जातो. वापर १०० युनिटच्या पुढे गेला की संपूर्ण वापरावर वरचा दर लागतो, अशी समजूत आढळते. वास्तविक वरच्या टप्प्याचा ऊर्जादर त्या मर्यादेपलीकडील युनिटांनाच लागतो. म्हणूनच वापर जास्त असलेल्या घरात वाचलेले प्रत्येक युनिट सर्वांत महाग दराचे असते.

६. ‘रिड्यूस, रीयूज, रीसायकल’

या त्रयीत क्रमाला अर्थ आहे : आधी कमी वापर, मग पुनर्वापर आणि शेवटी पुनर्चक्रीकरण. जुन्या साडीची गोधडी हा पुनर्वापर; रद्दीचा पुन्हा कागद होणे हे पुनर्चक्रीकरण. नागपुरात भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला पुरवले जाते. घरातून वाहून गेलेले पाणी वीजनिर्मितीत पुन्हा कामी येते, हे या शब्दांचे याच शहरातील उदाहरण आहे.

‘वेट वेस्ट’चे ‘ओला कचरा’ हे भाषांतर प्रचलित असले तरी त्यात एक धोका आहे. दुधाची भिजलेली प्लास्टिक पिशवी ओली असते, तरीही ती ओल्या कचऱ्यात जात नाही. घनकचरा व्यवस्थापनातील या वर्गीकरणाचा आधार ओलावा हा नसून कुजण्याची क्षमता हा आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर पर्यावरण अभ्यास हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य झाला. त्याची पारिभाषिक संज्ञा पर्यावरणाचा अध्यापक देतो, राशीचा अर्थ भौतिकशास्त्राचा आणि वाक्यरचना इंग्रजीचा. हे तिघे एकमेकांच्या तासिकांपासून दूर राहिले की विद्यार्थ्याच्या हाती केवळ यादी पडते. त्याऐवजी घरचे एक बिल, नाव व ग्राहक क्रमांक झाकून, पाठ्यसामग्री म्हणून वापरता येईल. उपकरण कोणते, किती वॉटचे, किती तास चालते आणि महिन्याला किती युनिट होतात, हे विद्यार्थ्याने प्रथम मराठीत मांडावे व नंतर इंग्रजीत लिहावे. हिशेब चुकला तर शब्द कळला नाही हे तेथेच उघड होते. शब्दार्थाची परीक्षा घेण्याचे याहून विश्वसनीय साधन सहजी मिळणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, ऊर्जाबचतीची इंग्रजी शब्दावली मराठी घराला अपरिचित नाही. ती अर्धपरिचित आहे, आणि हेच अधिक अडचणीचे आहे. अपरिचित शब्दाचा अर्थ विद्यार्थी विचारतो. अर्धपरिचित शब्दाचा विचारत नाही. अक्षय्यता व संवर्धन, साठवण व बचत, ठेवणे व राहणे हे भेद मराठीत आधीपासूनच आहेत. इंग्रजीच्या वर्गात मराठी टाळण्याऐवजी या भेदांचा आधार घेतल्यास इंग्रजी शब्दांचा बोध पक्का होईल, आणि त्याची खातरजमा पुढच्या महिन्याच्या बिलावर करून पाहता येईल.